औषध ‘घेतो’ की ‘घ्यावं’?

काळाचौकीला अभ्युदय नगरात आमच्या मजल्यावर राहणाऱ्या काकू गेल्या वर्षापासून स्पॅनिश शिकताहेत. वय ६३. पालिकेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. मुलगा स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला, सून तिथलीच, आणि नातू साडेचार वर्षांचा. नातवाचं मराठी ‘आजी’, ‘ये’, ‘नको’ आणि ‘मोदक’ एवढ्यात संपतं. मुलगा घरात असला की दुभाष्याचं काम करतो. नसला की फोनच्या दोन्ही बाजूंनी नुसतं हसणं चालतं. हसण्यावर किती दिवस काढायचे, म्हणून काकूंनी फोनवर ॲप घेतलं, दोनशे पानी वही घातली आणि सुरुवात केली.

नमस्कार-चमत्कार, आकडे, भाज्यांची नावं हे सगळं भराभर झालं. गाडी अडली ती नातवाला ताप आला तेव्हा. मुलगा कामासाठी परगावी होता. पोरगं औषधाला तोंड उघडत नव्हतं. काकूंना सुनेला सांगायचं होतं, ‘त्याला म्हणावं, औषध घे, आजी सांगतेय.’ त्या म्हणाल्या, ‘दिले के तोमा ला मेदिथिना.’ सून क्षणभर गोंधळली. मग तिच्या लक्षात आलं, हसली आणि हळूच दुरुस्त करून म्हणाली, ‘तोमे.’

फरक एका स्वराचा. ‘तोमा’ म्हणजे घेतो. ‘दिले के तोमा ला मेदिथिना’ या वाक्याचा अर्थ ‘त्याला सांग की तो औषध घेतो’. ही झाली बातमी. ‘तोमे’ म्हटलं की ‘त्याला सांग, त्यानं औषध घ्यावं’. ही झाली आज्ञा, विनंती, इच्छा. एका ‘आ’चा ‘ए’ झाला की घडणारी गोष्ट घडायला हवी असलेली गोष्ट होते. स्पॅनिशमध्ये क्रियापदाच्या या रूपाला ‘सुबखुंतिबो’ म्हणतात, इंग्रजीत सबजंक्टिव्ह. स्पॅनिश शिकणारे बरेचसे लोक ज्या दगडाला ठेचकाळतात तो हाच. मीही ठेचकाळलो होतो. काही वर्षांपूर्वी संध्याकाळच्या एका वर्गात मी स्पॅनिश शिकायला जात असे, आणि या धड्यावर पोचल्यावर अर्धा वर्ग गळाला.

गळण्याचं कारण आता कळतं. आम्हाला तो धडा इंग्रजीतून शिकवला जात होता. काकूंचं ॲपसुद्धा इंग्रजीतूनच समजावतं, मराठीची सोय त्यात नाही. आणि इंग्रजीत हा प्रकार जवळपास झिजून गेला आहे. ‘गॉड सेव्ह द किंग’सारख्या काही ठरीव वाक्प्रयोगांत त्याचे अवशेष उरलेत. त्यामुळे इंग्रजी पुस्तकं एक लांबलचक यादी देतात: इच्छा, शंका, भावना, सल्ला, अनिश्चितता, नकार. यादी पाठ करा, प्रत्येक वाक्य तिच्याशी ताडून बघा आणि मग तोंड उघडा. तोवर समोरचा माणूस निघून गेलेला असतो.

काकूंनी मात्र ‘तोमे’वर रात्रभर विचार केला असावा. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घेताना जिन्यातच मला म्हणाल्या, ‘अरे, हा तर आपला विध्यर्थ!’

शाळेत आपण सगळ्यांनीच क्रियापदाचे चार अर्थ घोकलेत: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. परीक्षेपलीकडे त्यांचा काही उपयोग असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या ही घोकंपट्टी चालू आहे. पण घोकलं काय होतं ते आठवून पाहा. मुलं अभ्यास करतात, हा स्वार्थ. जे आहे ते सांगितलं. मुलांनी अभ्यास करावा, हा विध्यर्थ. जे व्हायला हवं ते सांगितलं. क्रियापद ‘तो’ वरून ‘आवा-आवी-आवे’वर गेलं की वाक्य वस्तुस्थितीतून उचललं जाऊन मनात जाऊन बसतं. ‘तोमा’चं ‘तोमे’ होतं तेव्हा हेच घडतं.

आता एक वाक्य घेऊ. मला यायचंय: स्पॅनिशमध्ये ‘किएरो बेनिर’. तू यावंस असं मला वाटतं: ‘किएरो के बेंगास’. येणारा मीच असेन तर साधं रूप, येणारा दुसरा असेल तर वेगळं रूप. मराठी नेमकी इथेच वळण घेते, स्पॅनिशही इथेच. इंग्रजीत दोन्हीकडे तेच ‘टू कम’. म्हणजे मराठी माणूस आधी मराठीतून इंग्रजीत जातो, तिथे हा फरक पुसतो, आणि मग पुसलेला फरक स्पॅनिशमध्ये नव्यानं काढायला बसतो. दादरहून परळला जायला व्हाया ठाणे.

(उच्चारांबद्दल जाता जाता: स्पॅनिशमध्ये लिहिताना ‘व्ही’ असला तरी कानाला ‘ब’ येतो, आणि ‘जे’चा ‘ख’ होतो. ‘मेदिथिना’तला ‘थ’ स्पेनमधला. मेक्सिकोत तिथे ‘स’ ऐकू येईल.)

विध्यर्थानं काम सुरू होतं, पण संपत नाही. स्पॅनिश जे एका रूपात करते ते मराठीनं तीन-चार ठिकाणी वाटून ठेवलंय. डॉक्टरांच्या सूचनाच घ्या. ‘ताप आला की हे औषध द्या.’ ताप अजून आलेला नाही, तरी आपण ‘आला’ असं भूतकाळी रूप वापरतो. ‘ताप येतो तेव्हा मी हे औषध देते’ यात मात्र नेहमीचा अनुभव आहे, म्हणून ‘येतो’. स्पॅनिशमध्ये पहिलं ‘क्वांदो तेंगा फिएब्रे’, दुसरं ‘क्वांदो तिएने फिएब्रे’. ‘तेंगा’ सबजंक्टिव्ह, ‘तिएने’ साधं. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला हा फरक कळलेला बरा. एक पुढची सूचना आहे, दुसरी मागची हकीकत.

किंवा परक्या गावात डॉक्टर शोधताना. ‘मराठी बोलेल असा डॉक्टर हवाय’ आणि ‘तो मराठी बोलतो ना, तो डॉक्टर हवाय’. पहिला डॉक्टर असेल किंवा नसेल, आपण फक्त कल्पना करतोय. दुसरा खात्रीनं आहे, त्याचा दवाखाना तेवढा सापडत नाहीये. मराठी इथे ‘बोलेल’ आणि ‘बोलतो’ असा फरक करते. स्पॅनिश ‘आब्ले’ आणि ‘आब्ला’ असा. शंकेचंही तसंच. ‘तो येईल असं वाटत नाही’ याला ‘नो क्रेओ के बेंगा’. आणि जे घडायचं होतं पण घडलं नाही त्यासाठी आपला संकेतार्थ: ‘वेळेवर आला असता तर...’ तिथेही स्पॅनिश सबजंक्टिव्हच वापरते, फक्त भूतकाळातला.

थोडक्यात, अमुक गोष्ट खरी आहे असं बोलणारा स्वतःच्या जबाबदारीवर सांगतोय का, एवढा एक प्रश्न मनात विचारावा. सांगत असेल तर साधं रूप. नुसती इच्छा, शंका, कल्पना किंवा पुढची अट असेल तर सबजंक्टिव्ह. मराठीभाषक हा प्रश्न दिवसातून शंभरदा विचारतो आणि अचूक सोडवतो. त्याला तसं सांगितलं मात्र जात नाही.

आणि आमच्या या भागाला तर ते रूप रस्त्यावर ऐकून माहीत आहे. लालबाग-काळाचौकी-शिवडीच्या रस्त्यांवरून १९८२च्या गिरणी संपात जे मोर्चे निघाले, त्यांतली ‘झिंदाबाद’ ही घोषणा फारसी इच्छार्थी रूप आहे. ‘झिंदा’ म्हणजे जिवंत आणि ‘बाद’ म्हणजे ‘असो’. स्पॅनिश भाषक त्याच जागी ‘बिबा’ म्हणतो, फुटबॉलच्या सामन्यात लिहिलेलं दिसतं ते ‘viva’ नव्हे का, असं कुणी विचारेल, तेच ते. ‘बिबिर’ म्हणजे जगणं, ‘बिबे’ म्हणजे जगतो, ‘बिबा’ म्हणजे जगो. कोकणातून आलेल्या इथल्या घरांत गाऱ्हाणं घातलं जातं, तेही सगळं मागणंच असतं. आणि प्रत्येक मागण्याला बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा देतात. स्पॅनिशमध्ये त्या जागी ‘ओखाला’ हा एक शब्द आहे. तो आला की पुढे सबजंक्टिव्ह ठरलेला. स्पेनवर काही शतकं अरबी भाषकांचं राज्य होतं, त्या काळातला हा शब्द. मूळ अरबीत ‘अल्लाची इच्छा असेल तर’ असा काहीसा अर्थ. आपलं ‘देव करो आणि पाऊस पडो’ म्हणजे ‘ओखाला युएबा’.

लहान मूल हे सगळं कसं शिकतं, हा विज्ञानाच्या दृष्टीनं जास्त मनोरंजक भाग. स्पॅनिश घरातलं मूल दोन वर्षांच्या आसपासच सबजंक्टिव्हची काही रूपं बोलू लागतं. अर्थात हट्टासाठी. ‘हे करू नकोस’, ‘आईनं यावं’ अशी. इच्छा लवकर कळते. शंका मात्र उशिरा कळते, आणि शंकेचं सबजंक्टिव्ह शाळेत जाऊ लागल्यावरही बरीच वर्षं पक्कं होत नाही.

भाषाशास्त्रज्ञ आना तेरेसा पेरेस-लेरू यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात साधारण साडेतीन ते सात वर्षांची स्पॅनिशभाषक मुलं घेतली. ‘मराठी बोलेल असा डॉक्टर’ यासारखी, म्हणजे न पाहिलेल्या गोष्टीचं वर्णन करणारी वाक्यं ही मुलं कशी करतात हे त्यांनी तपासलं. सोबत मुलांची आणखी एक परीक्षा घेतली. ती मानसशास्त्रात प्रसिद्ध आहे. आपल्या घरातलं उदाहरण द्यायचं तर: ताई लाडू डब्यात ठेवून खेळायला जाते. तिच्या मागे आई तो लाडू कपाटात ठेवते. ताई परत आल्यावर लाडू कुठे शोधेल? तीन वर्षांचं मूल सहसा सांगतं, ‘कपाटात.’ लाडू कपाटात आहे हे त्याला ठाऊक आहे, मग ताईलाही ठाऊक असणारच! ताईच्या डोक्यात वेगळं, चुकीचं चित्र असू शकतं हे समजायला बहुतेक मुलांना चार वर्षं उलटावी लागतात. पेरेस-लेरू यांना आढळलं ते असं की, ज्या मुलांना ही दुसऱ्याच्या मनातली गोष्ट कळत होती, तीच मुलं अशा वाक्यांत सबजंक्टिव्ह नीट वापरत होती. यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे अशा अभ्यासावरून ठरत नाही. पण ‘आहे’ आणि ‘असावं’ वेगळं धरायला मनात जागा तयार व्हावी लागते, एवढं त्यातून दिसतं.

काकूंचा नातू नेमका या वयात आहे. आजी आणि नातू एकच धडा दोन टोकांकडून गिरवताहेत. त्याला रूपं आपसूक येतील, कल्पना तयार होते आहे. काकूंकडे कल्पना साठ वर्षांची मुरलेली आहे, रूपं तेवढी नाहीत.

आणि रूपं बसवणं हे वाढत्या वयात खरंच जड जातं. ते झाकण्यात अर्थ नाही. २०१८ साली हार्टशॉर्न, टेनेनबॉम आणि पिंकर यांनी इंटरनेटवरच्या एका चाचणीतून सुमारे ६ लाख ७० हजार लोकांचं इंग्रजी व्याकरण तपासलं. नव्या भाषेचं व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता १७-१८ वर्षांपर्यंत टिकून असते आणि मग उतरू लागते, असं त्यांना दिसलं. (हा अभ्यास फक्त इंग्रजीचा होता, आणि त्या आकड्याचा अर्थ कसा लावायचा यावर तज्ज्ञांचे वाद आहेत.) अमेरिकेतले मेंदूशास्त्रज्ञ मायकेल उलमन यांची मांडणी अशी की, मातृभाषेचं व्याकरण आपण सायकल चालवण्यासारखं शिकतो. ती सवयीची स्मृती, मेंदूच्या तळाशी खोलवर असलेल्या केंद्रांवर अवलंबून. मोठेपणी शिकलेल्या भाषेचे नियम मात्र सुरुवातीला इतिहासाच्या सनावळीसारखे साठवले जातात. आठवून आठवून वापरावे लागतात, म्हणून बोलताना दम लागतो. पुरेसा सराव झाला की तेही हळूहळू सवयीच्या कोठारात सरकतात. म्हणजे काकूंची अडचण बुद्धीची नाही, वाहतुकीची आहे.

ही वाहतूक कशानं होते, याबद्दल स्मृतीचं शास्त्र बरंच निश्चित सांगू शकतं. हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५मध्येच दाखवलं होतं की एका बैठकीत शंभरदा घोकण्यापेक्षा तोच सराव दिवसांत वाटून केला तर जास्त टिकतो. दुसरं असं की, वाचून पाहण्यापेक्षा वही मिटून आठवण्याचा प्रयत्न केला तर आठवण घट्ट बसते, मग प्रयत्न चुकला तरी चालेल, मात्र लगेच बरोबर काय ते पाहावं. काकूंनी क्रियापदांचे तक्ते बाजूला ठेवले आणि घरात लागणारी वीसेक वाक्यं काढली. ‘के ते मेखोरेस’, बरा हो. ‘के दुएर्मास बिएन’, नीट झोप. ‘किएरो के कोमास’, तू जेवावंस. पोरगं आजारी असताना आजीला जे जे म्हणावंसं वाटतं ते सगळं सबजंक्टिव्हमध्येच येतं, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. आशीर्वादाला दुसरं क्रियापद चालत नाही. भाजी निवडताना त्या एकेक वाक्य मराठीत म्हणतात, थांबतात, मग स्पॅनिशमध्ये. एक दिवस, मग दोन दिवसांनी, मग आठवड्यानं.

रूपांचा नियमही वाटतो तेवढा क्रूर नाही. ज्या क्रियापदांच्या शेवटी ‘आर’ असतो त्यांच्यात ‘आ’चा ‘ए’ होतो: तोमा-तोमे, आब्ला-आब्ले. ज्यांच्या शेवटी ‘एर’ किंवा ‘इर’, त्यांच्यात उलट ‘ए’चा ‘आ’: कोमे-कोमा, बिबे-बिबा. स्वरांनी जागा बदलायच्या. अनियमित रूपं दहा-बारा तरी पाठच करावी लागतात, त्याला इलाज नाही.

मराठी मात्र एके ठिकाणी दगा देते, दोन ठिकाणी म्हणा. आपलं विध्यर्थी क्रियापद कर्माकडे बघतं: गोळी घ्यावी, काढा घ्यावा, औषध घ्यावं, घेणारा कुणीही असो. स्पॅनिश घेणाऱ्याकडे बघते: त्यानं घ्यावं ‘तोमे’, तू घ्यावंस ‘तोमेस’, त्यांनी घ्यावं ‘तोमेन’. गोळी की काढा याच्याशी तिला कर्तव्य नाही. काकू सुरुवातीला ‘गोळी’ स्त्रीलिंगी म्हणून क्रियापद बदलायला जात.

दुसरा दगा मोठा. ‘तुला बरं वाटतंय, मला आनंद झाला.’ बरं वाटतंय ही घडलेली गोष्ट आहे, शंका नाही, इच्छा नाही. मराठी साधं रूप वापरते आणि मघाचा आपला प्रश्नही तेच सांगतो. पण स्पॅनिश इथे सबजंक्टिव्ह मागते: ‘मे आलेग्रो दे के एस्तेस मेखोर’. व्याकरणकार याचं कारण देतात की इथे बरं वाटणं ही बातमी नाही, ती दोघांनाही माहीत आहे; वाक्याचा गाभा आनंद आहे. पटण्यासारखं आहे, पण बोलताना सुचण्यासारखं नाही. भावनेच्या क्रियापदांची यादी काकूंनी शेवटी फ्रिजवर चिकटवली. परभाषा म्हणजे आपल्याच घराचा आरसा आहे असं समजून चालणाऱ्याला अशा जागा जमिनीवर आणतात.

उलट दिशेनं हा प्रवास चारशे वर्षांपूर्वी एकानं केला होता. ‘ख्रिस्तपुराण’कर्ते फादर थॉमस स्टीफन्स जन्मानं इंग्रज. १५७९ साली गोव्यात आले आणि कोकणीचं व्याकरण त्यांनी पोर्तुगीजमध्ये लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूरला छापलं गेलं. भारतीय भाषेचं ते पहिलं छापील व्याकरण मानतात. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, तिच्यातही सबजंक्टिव्ह जिवंत आहे. लॅटिनच्या चौकटीत कोकणी क्रियापदं बसवायला निघालेला तो माणूस आणि मराठी शाळेच्या चौकटीत स्पॅनिश क्रियापदं बसवणाऱ्या आमच्या काकू, दोघांची खटपट एकाच जातीची.

हे सदर आरोग्याचं, तेव्हा हमखास येणारा प्रश्न: या वयात भाषा शिकल्यानं विस्मरणाचा आजार दूर राहतो का? हैदराबादच्या निम्समध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षं उशिरा झाल्याचं त्यात दिसलं, आणि निरक्षर रुग्णांमध्येही हा फरक होता. मात्र ते लोक जन्मभर दोन-तीन भाषांत वावरलेले होते. साठीनंतर ॲपवर भाषा शिकण्याला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही, आणि इतर काही अभ्यासांत असा फायदा दिसलेला नाही. विस्मरणाची भीती वाटत असेल तर रक्तदाब, साखर, ऐकू कमी येणं आणि चालणं यांकडे आधी बघावं. काकूंना मी हे सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मला डिमेन्शिया कुठे टाळायचाय? मला त्याच्याशी बोलायचंय.’

मे महिन्यात त्या व्हॅलेन्सियाला जायचं म्हणताहेत. कालनिर्णयवर त्या महिन्याच्या पानावर देवनागरीत एक ओळ लिहून ठेवलीय: ‘क्वांदो येगे आ बालेन्थिया...’ मी व्हॅलेन्सियाला पोचले की... आधी ‘येगो’ लिहिलं होतं, ते खोडून ‘येगे’ केलंय. व्हिसा अजून यायचा आहे.